कटलेट एकटं वाढू नका

तोन्कात्सु घरी करून पाहिलेली माणसं मला बहुतेक दोनच गोष्टी विचारतात. वरचं कवच सुटून का येतं आणि तेल का मुरतं, ही पहिली. तब्येतीला चालतं का, ही दुसरी. विचारणाऱ्यांत पुण्यात जपानी शिकणारी मुलं असतात, तोक्योला नोकरीसाठी गेलेल्यांच्या आया असतात, आणि वसईच्या माझ्या मैत्रिणी असतात, ज्यांच्या घरी लग्नकार्यात पोर्क इंदियाल शिजल्याशिवाय राहत नाही. सगळ्यांनाच मी आधी एकच विचारते: बरोबर काय वाढलं होतं? उत्तर येतं, काही नाही, नुसतंच केलं होतं, केचप होता. गडबड तिथेच सुरू होते. जपानी माणसाने हे तळण ज्या ताटासाठी बेतलं ते ताट आपण बाजूला ठेवतो आणि त्यातलं एकच कटलेट उचलून आणतो.

ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बोटभर जाडीचा पोर्कचा तुकडा मैद्यात, फेटलेल्या अंड्यात आणि पावाच्या जाड चुऱ्यात घोळवून भरपूर तेलात तळतात. पट्ट्या कापून, कापलेल्या कोबीच्या ढिगाला टेकवून ठेवतात. सोबत वाटीभर भात, मिसो सूप, थोडं लोणचं, मोहरीचा ठिपका आणि दाट काळपट सॉस. 'तोन' म्हणजे डुक्कर. 'कात्सु' हा 'कात्सुरेत्सु'चा तुकडा, आणि तो शब्द आपल्या कटलेटच्याच घराण्यातला.

पावाच्या चुऱ्याला जपानी भाषेत 'पान्को' म्हणतात. 'को' म्हणजे भुकटी, आणि 'पान' म्हणजे चक्क आपला पाव. पोर्तुगीज लोक हा शब्द गोव्यात आणि वसईत घेऊन आले, तोच जपानातही घेऊन गेले. फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्याहून निघून कागोशिमाला उतरले, ती हीच वाट. तेम्पुरा तळायची रीतही जपानने पोर्तुगिजांकडूनच उचलली असं मानतात. त्यामुळे लादीपावाचा चुरा करून पोर्क घोळवणारा मुंबईकर फार परक्या वाटेने चाललेला नसतो.

जपानात मांस खाणं मात्र शतकानुशतकं दबलेलं होतं. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मु यांनी गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर बंदी घातली. पुढे बौद्ध विचारांच्या प्रभावाने चार पायांचे प्राणी ताटातून जवळजवळ गेलेच. १८७२ मध्ये सम्राट मेइजी यांनी जाहीरपणे गोमांस खाल्लं, तेव्हा कुठे वारं फिरलं. १८९५ साली तोक्योच्या गिंझा भागात रेंगातेई नावाचं उपाहारगृह निघालं. तिथे १८९९ च्या सुमारास पोर्कचं कटलेट मिळू लागलं. युरोपात पातळ ठेचलेला तुकडा थोड्या लोण्यात परततात. इथे तो तेम्पुरासारखा तेलात पोहत तळला गेला. रशिया-जपान युद्धात, म्हणजे १९०४ नंतर, स्वयंपाकघरातले हात लढाईवर गेले. गरम भाज्या करायला माणसं उरली नाहीत, म्हणून कच्चा कोबी चिरून वाढायला सुरुवात झाली, असं सांगतात. अडचणीतून आलेला हा कोबी आज त्या ताटाचा अर्धा प्राण आहे.

त्याच युद्धातली दुसरी गोष्ट जास्त दुःखद आहे, आणि आहाराचा मुद्दा तिच्याशी जोडलेला आहे. कोंडा काढलेला पांढरा तांदूळ हे तेव्हा प्रतिष्ठेचं अन्न होतं. सैन्यात भरती झालेल्या गरीब घरच्या पोरांना तो पोटभर मिळायचा, आणि बरोबर फारसं काही नसायचं. पाय सुजत, बधिर होत, चालवत नसे, शेवटी हृदय थांबे. हा बेरीबेरी. त्या एका युद्धात जपानी लष्करातले सुमारे २७ हजार सैनिक या रोगाने गेले. नौदलातल्या ताकाकी कानेहिरो या डॉक्टरने त्याआधी वीस वर्षं जहाजावरच्या जेवणात मांस, जव आणि पाव घालून रोग आटोक्यात आणून दाखवला होता. त्याला वाटलं होतं, प्रथिनं कमी पडतात. कारण चुकलं होतं, उपाय बरोबर होता, पण लष्कराने ऐकलं नाही. १९१० मध्ये सुझुकी उमेतारो यांनी तांदळाच्या कोंड्यातून तो हरवलेला घटक वेगळा काढला. त्याला आज आपण बी-वन जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, म्हणतो.

पोर्कमध्ये हे जीवनसत्त्व भरपूर असतं. कोंबडी किंवा गोमांसाच्या आठ-दहा पट. शंभर ग्रॅम तळलेल्या तोन्कात्सुत साधारण पाऊण मिलिग्रॅम थायमिन मिळतं, अंडरकटचा तुकडा असेल तर एक मिलिग्रॅमच्याही वर. मोठ्या माणसाची दिवसाची गरज सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास असते. भाताचं पिष्ट शरीरात जाळायला हेच जीवनसत्त्व लागतं. पांढरा भात आणि पोर्क एका ताटात आले, तेव्हा त्या देशाची जुनी उणीव भरून निघत होती. कोणी ठरवून केलं नसेल, पण जोडी जमली. थायमिन पाण्यात विरघळतं. पोर्क उकळून पाणी ओतून दिलं की ते निघून जातं, तळताना मात्र बरंचसं आतच राहतं. लसूण-कांद्याबरोबर ते जास्त चांगलं शोषलं जातं हेही जपानी संशोधकांनीच दाखवलं. आपल्याकडच्या इंदियालमध्ये आणि गोव्याच्या विंदालूत लसूण किती पडतो ते आठवा.

आता तेलाचा हिशेब. तो नीट समजून घेतला तर निम्म्या चुका टळतात.

तोन्कात्सुला दोन प्रकारचं मांस चालतं. पाठीचं, कण्याला लागून असलेलं, कडेला चरबीची पांढरी पट्टी असलेलं ते 'रोसु'. दुकानात लॉइन म्हणून मागा. आतला मऊ, चरबी नसलेला लांबट स्नायू तो 'हिरे', आपल्याकडे अंडरकट. कच्च्या रोसुत शंभर ग्रॅममागे सुमारे १९ ग्रॅम चरबी असते, अंडरकटात जेमतेम ४ ग्रॅम. हे पाहून लोक हलकं म्हणून अंडरकट घेतात. पण तळल्यावरचे आकडे बघा. रोसु-कात्सुत शंभर ग्रॅमला साधारण ३६ ग्रॅम चरबी आणि ४३० कॅलरी, हिरे-कात्सुत २५ ग्रॅम चरबी आणि ३८० कॅलरी. म्हणजे अंडरकटाची चारची पंचवीस झाली. वरची सगळी भर तेलाची आणि कवचाची.

याचं कारण साधं आहे. अंडरकटाचे छोटे छोटे गोल काप करतात. काप जितके छोटे आणि पातळ, तितका पृष्ठभाग जास्त. जितका पृष्ठभाग, तितका चुरा, आणि चुरा जितका, तितकं तेल. म्हणून माझा पहिला आग्रह: पोर्क ठेचून पातळ करू नका. दीड ते दोन सेंटिमीटर जाड तुकडा घ्या, माणशी १०० ते १२० ग्रॅम. जाड तुकड्यात मांस जास्त आणि कवच त्या मानाने कमी पडतं. आत रसही राहतो. अंडरकट घेणार असाल तर चार-पाच चकत्यांऐवजी दोन जाड तुकडे करा. आणि रोसुची चरबीची पट्टी ताटात सुरीने काढून ठेवलीत तरी बिघडत नाही, तळताना तिने आपलं काम केलेलं असतं.

खरेदीबद्दल मी फार काटेकोर आहे. पोर्क ओळखीच्या, शीतपेटी असलेल्या दुकानातूनच घ्या. मांस फिकट गुलाबी, घट्ट, वास नसलेलं हवं, चरबी पांढरी. पिवळट चरबी आणि चिकट पृष्ठभाग दिसला तर परत फिरा. अर्धवट शिजलेल्या पोर्कमधून पट्टकृमी पोटात जातो, तेव्हा आत गुलाबीसर ठेवायची परदेशी फॅशन आपल्या घरात नको. जपानातही २०१५ पासून हॉटेलांना कच्चं पोर्क वाढायला बंदी आहे. मांसाचा थर्मामीटर असेल तर मधोमध ७५ अंश दिसले पाहिजेत. नसेल तर एक तुकडा मध्ये कापून बघा. रस स्वच्छ, पाण्यासारखा आणि मांस पांढरं झालेलं असावं.

तळणं मी नागोयात शिकले. मी राहायचे त्या गल्लीच्या तोंडाशी सात-आठ खुर्च्यांचं एक दुकान होतं. म्हातारे मालक कढईकडे फारसं बघायचेच नाहीत. पाठ फिरवून कोबी चिरत असायचे, आणि मध्येच वळून नेमकं कटलेट उचलायचे. एकदा मी विचारलं तेव्हा त्यांनी कानाला हात लावला. तुकडा तेलात सोडला की आधी मोठे, जड बुडबुडे येतात, आवाज खालच्या पट्टीतला, खदखदल्यासारखा. आतलं पाणी बाहेर येत असतं. ते कमी होत गेलं की बुडबुडे बारीक होतात आणि आवाज चढतो, पातळ होतो, पत्र्यावर रिमझिम पाऊस पडल्यासारखा. त्या क्षणी झाऱ्याने उचलायचं. झारा हाताला आधीपेक्षा हलका लागतो, तुकड्याची थरथर जाणवते. मी आजही घड्याळ लावते, पण विश्वास कानावर ठेवते.

कृतीचे बारकावे असे. मांस तळणीच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. चरबी आणि मांस यांच्या मधल्या पांढऱ्या शिरेवर सुरीच्या टोकाने चार-पाच चिरा द्या, नाहीतर तळताना तुकडा वाटीसारखा वळतो. सुरीच्या पाठीने हलकेच ठोका आणि हाताने पुन्हा मूळ आकारात आणा. मीठ-मिरपूड अगदी आयत्या वेळी. आधी लावून ठेवलं तर पाणी सुटतं, आणि ओल्या मांसावरचं कवचच सुटून येतं. कागदाने किंवा स्वच्छ फडक्याने तुकडा टिपून कोरडा करा. मैदा लावून नीट झटका, पिठाची फक्त धूळ उरली पाहिजे. मग अंडं. मग चुरा, तळहाताने हलका दाबून, एकदाच. दुसरा थर देऊ नका, तो नुसता तेल पितो. घोळवलेले तुकडे दहा मिनिटं तसेच ठेवा म्हणजे थर धरतो.

चुऱ्यासाठी तयार बारीक पिवळी पूड घेऊ नका, ती आतलं शिजण्याआधी करपते. दोन दिवसांचा पाव किंवा कडा काढलेला ब्रेड फ्रिजरमध्ये जरा कडक करून किसणीच्या मोठ्या भोकांनी किसा. त्याचे चपटे, हवा धरणारे तुकडे पडतात, आणि कुरकुरीतपणा त्यांच्यामुळे येतो.

तेल शेंगदाण्याचं उत्तम. कढईत निदान चार सेंटिमीटर खोल असू द्या. १७० अंश हवेत. चुऱ्याचा कण टाकला की तो मध्यापर्यंत जाऊन लगेच वर आला पाहिजे. तळाला बसला तर तेल थंड, वरच्या वर तडतडला तर जास्त तापलंय. घरच्या कढईत एका वेळी एकच तुकडा. दोन टाकले की तेल थंड होतं, आणि थंड तेल कवचात मुरतं. पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हेच आहे. दोन सेंटिमीटरच्या तुकड्याला एकूण सहा-सात मिनिटं, एकदाच उलटून. काढल्यावर कागदावर आडवा टाकू नका. जाळीवर, शक्यतो उभा, चार मिनिटं ठेवा. तेल खाली निथळतं आणि उरलेल्या उष्णतेत मधलं मांस शिजून पूर्ण होतं. मग कापा.

उरलेलं तेल गाळून वेगळ्या, खूण केलेल्या बाटलीत ठेवा. एकदा-दोनदाच वापरा, काळं पडलं किंवा फेसाळलं की टाकून द्या. आणि पोर्क न खाणाऱ्या पाहुण्यांचे पापड चुकूनही त्यात तळू नका. ज्यांना हे मांस वर्ज्य आहे त्यांच्या विश्वासाचा हा प्रश्न आहे. अशांसाठी हीच कृती कोंबडीच्या तुकड्यावर, नव्या तेलात आणि वेगळ्या भांड्यात करा. छान होते.

आता ताट. कोबी केसासारखा बारीक चिरायचा, पानांच्या शिरांना आडवा. पाच मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवून पूर्ण निथळायचा, म्हणजे तो ताठ उभा राहतो. जास्त वेळ ठेवलात तर जीवनसत्त्व पाण्यात जातं. तळलेल्या घासानंतर कोबीचा गार, गोडसर घास घेतला की जीभ पुन्हा कोरी होते. चावायला वेळ लागतो, पोट वेळेवर भरल्याचं सांगतं, आणि दुसरं कटलेट मागावंसं वाटत नाही. कटलेटइतकाच, जमल्यास त्याहून मोठा ढीग हवा. जपानी दुकानांत कोबी पुन्हा पुन्हा फुकट वाढतात.

आपल्याकडे मात्र कच्च्या कोबीबाबत एक काळजी जास्त घ्यावी लागते. पट्टकृमीची अंडी घाणेरड्या पाण्यातून भाजीवर येतात. ती पोटात गेली तर गाठी थेट मेंदूतही होऊ शकतात, आणि हा धोका पोर्क न खाणाऱ्यालाही तितकाच असतो. वरची तीन-चार पानं टाकून द्या, बाकीची एकेक सुटी करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा आणि मग चिरा. चिरून धुतलेला कोबी स्वच्छ झाला असं समजू नका. भरवसा नसेल तर पानं उकळत्या पाण्यातून काढून गार करा. करकरीतपणा थोडा जाईल, पण जेवण निर्धास्त होईल.

सॉस फळं-भाज्या, व्हिनेगर आणि मसाल्यांचा असतो. चव सुरेख, पण एका मोठ्या चमच्यात जवळपास एक ग्रॅम मीठ असतं. वाटीभर मिसो सुपात त्याहून थोडं जास्त, वर लोणचं. दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे निम्मं याच ताटात संपलं. रक्तदाब असेल तर सॉस कटलेटवर ओतू नका, बाजूला ठेवून टोक बुडवा, आणि सूप अर्धी वाटी घ्या. काही दुकानांत गिऱ्हाइकापुढे खाचा असलेली छोटी वाटी आणि लाकडी बत्ता ठेवतात. भाजलेले तीळ आपण स्वतः कुटायचे आणि त्यात सॉस कालवायचा. घरी खलबत्त्यात कुटलेल्या तिळांनी तेच साधतं, आणि सॉसही कमी लागतो. नुसतं लिंबू आणि चिमूटभर मीठ मला सगळ्यांत आवडतं. नागोयात सोयाबीनच्या काळ्याभोर हात्चो मिसोचा सॉस घालतात. तो तिथेच जाऊन खावा.

पूर्ण ताट, म्हणजे दीडशे ग्रॅमचं तयार कटलेट, वाटीभर भात आणि सूप, नऊशे कॅलरींच्या पुढे जातं. दुपारच्या जेवणाला ठीक आहे, रात्री दहा वाजता नाही. निरोगी माणसाने महिन्यातून एकदा-दोनदा खावं असं माझं मत आहे. पित्ताशयात खडे असतील किंवा डॉक्टरांनी चरबी कमी करायला सांगितली असेल, तर अंडरकटाचा ऐंशी ग्रॅमचा जाड तुकडा जाळीवर ठेवून भट्टीत भाजा. किसलेला पाव आधी चमचाभर तेलात तांबूस परतून घेतला तर रंग आणि कुरकुरीतपणा बऱ्यापैकी येतो. तोन्कात्सु म्हणून मी ते वाढणार नाही, पण आजाऱ्याच्या जिभेला बरं वाटतं.

परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी एक वेगळा शब्द. 'कात्सु'चा उच्चार जिंकणे या अर्थाच्या जपानी क्रियापदासारखाच होतो, म्हणून तिकडे परीक्षेच्या किंवा सामन्याच्या आदल्या दिवशी हे खाण्याची रीत आहे. पुण्यात जपानीची परीक्षा देणाऱ्या मुलांनीही ती उचलली आहे, आणि मला ते फार गोड वाटतं. फक्त आदल्या रात्री नको, आदल्या दुपारी खा. जड पोटाने झोप लागत नाही आणि कान्जी आठवत नाहीत.

तळण उरलंच तर दुसऱ्या दिवशी कात्सुदोन करा. उभा चिरलेला कांदा थोडं पाणी, सोया सॉस आणि साखर घालून शिजवा, त्यावर कटलेटच्या पट्ट्या चांगल्या गरम करा, फेटलेलं अंडं ओतून झाकण ठेवा, अंडं पूर्ण जमलं की भातावर उलटा. कवच मऊ होतं, पण रस पिऊन येतं.

रविवारी करणार असाल तर बाजारातून येताना आधी कोबी निवडा, मग पोर्कच्या दुकानात जा. घरी आल्यावरही हाच क्रम ठेवा. कोबी धुऊन, चिरून, गार करून झाकून ठेवा, भात लावा, आणि मगच कढई गॅसवर चढवा.